खिशातला ओळंबा

भाऊजी आमच्याकडे आले की आधी चपला काढतात, मग भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतात आणि त्यानंतर विचारतात, "काय, कसं काय?" भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हा क्रम मला विचित्र वाटला होता. आपल्या घरातलं काहीतरी रोज वाकडं असतं आणि ते या माणसाला दारातूनच दिसतं, याचा थोडा रागही यायचा. जाऊबाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या आजोबांच्या फोटोशी यांची आधी ओळख झाली, माझ्याशी नंतर. बाबा बोलतायत, हे आपले फोटोकडे बघतायत. शेवटी उठले, फोटो बोटभर हलवला आणि मग खाली बसून म्हणाले, हां, आता बोला."

दवाखान्यात, बँकेत, लोकांच्या लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही भाऊजी असेच. माझी मुलं लहान असताना त्यांना ओळंबेकाका म्हणायची, जणू ते त्यांचं आडनावच. कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक ओळंबा असायचा. गवंडी भिंत बांधताना दोऱ्याला वजन लावून सोडतात ना, तोच. फक्त यांचा छोटा, पितळी, अंगठ्याएवढा. वापरून वापरून गुळगुळीत झालेला. जाऊबाई शर्ट धुवायला टाकताना खिसा चाचपून तो काढून ठेवत आणि म्हणत, "सवत काढली बाहेर."

भाऊजींचा धंदा चित्रं टांगण्याचा. असा धंदा असतो हे मला या घरात आल्यावरच कळलं. सुरुवात त्यांनी फ्रेमच्या दुकानात केली. पदवीची सर्टिफिकेटं, लग्नातले फोटो, गेलेल्यांचे फोटो. दुकानाचे म्हातारे मिस्त्री त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "भिंतीवरची कुठलीही वस्तू हलवायच्या आधी तिच्या जागेची खूण कर. पेन्सिलीने, बारीक. न जाणो, परत तिथेच ठेवायची वेळ आली तर?" ही गोष्ट भाऊजींनी इतकी अंगात मुरवली की आमचं कपाट हलवायचं होतं तेव्हाही ते आधी पेन्सिल घेऊन जमिनीवर बसले होते.

मग गावात एका जुन्या गोदामात गॅलरी निघाली आणि तिथे त्यांना बोलावणं आलं. तेव्हापासून पस्तीस वर्षं तिथलं प्रत्येक प्रदर्शन भाऊजींनी टांगलं. शिक्षण नववीपर्यंतचं. चित्रकलेचं पुस्तक कधी उघडलं नाही. पण येणाऱ्या प्रत्येक चित्रकाराला ते एकच प्रश्न विचारायचे: "लोकांनी कुठे उभं राहायचं?"

"म्हणजे?" चित्रकार विचारायचा.

"तुमचं काम बघायला माणूस आला. तो जवळ जाऊन बघणार, की लांबून? ताठ उभा राहून, की वाकून? ते सांगा. खिळा कुठे मारायचा ते मग मी सांगतो."

या एका प्रश्नाने भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. काही जण वैतागायचे, काही दोन दिवस विचार करून परत यायचे. भाऊजींच्या मते, ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येतं त्याला आपण काय करतोय ते ठाऊक आहे. बाकी सगळं रंगकाम. एकीने वर्षभर रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघरातल्या सिंकचा फोटो काढला होता. तीनशे पासष्ट सिंक, खरकट्या भांड्यांसकट. तिने उत्तर दिलं, "भांडी घासताना बाई जेवढ्या अंतरावर उभी असते, तेवढ्याच." भाऊजींनी घरी येऊन जाऊबाईंना ओट्याशी उभं केलं, टेपने अंतर मोजलं, आणि फोटो त्या हिशोबाने इतके खाली लावले की पुरुषांना वाकून बघावं लागे. जाऊबाई प्रदर्शन बघून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सिंकचे पंचवीस वर्षांचे फोटो कुणी काढले असते तर अख्खं गोदाम पुरलं नसतं." पण नंतर मला हळूच म्हणाल्या, "एका फोटोत नुसता एकच कप होता गं. राहायला आलेले पाहुणे परत गेल्यानंतरच्या दिवसाचा असणार. तिथे मी बराच वेळ उभी होते."

दुसरा एक जण आला, त्याने भिंतीवर काहीच लावलं नाही. जुन्या घरांमधून फोटो काढून नेल्यावर भिंतीवर जे फिकट चौकोन उरतात ना, तेवढे त्याने गॅलरीच्या भिंतीवर रंगवले. लोक म्हणाले, हे कसलं प्रदर्शन? भाऊजी मात्र आठवडाभर त्याच्यावर खूश. "आमच्या धंद्याचं चित्र काढलंन त्याने," म्हणायचे. "आम्ही गेल्यावर एवढंच राहतं."

गेल्या वर्षी गॅलरीच्या मॅनेजरने लेझरचं यंत्र आणलं. तिपाईवर ठेवलं की भिंतीवर लाल रेघ पडते, सरळ आणि झटपट. "काका, तुमचा त्रास वाचला," मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नाही, पण यंत्र विकत आणलं की त्याला माणूस कुठे कमी करता येईल ते दिसू लागतं. "आता हे कुणालाही जमेल. तुमचंही वय झालंच की."

"रेघ सरळ पडेल," भाऊजी म्हणाले, "पण चित्र सरळ दिसायला हवं की नको? एखाद्या चित्रातलं झाडच डावीकडे कललेलं असतं. ते रेघेला लावलं की पडतंय असं वाटतं. तिथे डोळा लागतो." मॅनेजरने मान डोलावली आणि यंत्र कपाटात ठेवलं. फेकून मात्र दिलं नाही. भाऊजींचा डोळा आहे तोवर यंत्र कपाटात, असा तो अलिखित करार होता.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. भाऊजींनी चपला काढल्या, कॅलेंडर हलवलं, "कसं काय" विचारलं. मी पाणी घेऊन आले तर जाऊबाई कॅलेंडरपाशी उभ्या. त्यांनी ते पुन्हा जरासं हलवलं. मी बघितलं हे त्यांच्या लक्षात आलं. "खिळा ढिला झालाय तुमचा," म्हणाल्या. रात्री नवऱ्याला मी खिळा ठोकून घ्यायला सांगितलं. त्याने हलवून बघितला आणि म्हणाला, "हा खिळा दादाने मारलाय. भिंत पडेल, खिळा पडायचा नाही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं.

झालं होतं असं की भाऊजींना सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या होत्या. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. दाराची चौकट मधेच फुगल्यासारखी, विजेच्या तारेला पोक आल्यासारखं. डावा डोळा मिटला की सगळं ठीक. मग ते डावा डोळा मिटून काम करू लागले. लोकांना वाटायचं नेम धरतायत. चारपाच महिन्यांनी उजव्या डोळ्यालाही तेच सुरू झालं. आता ओळंब्याचा दोराही मधे वाकलेला दिसायचा. त्यावरही त्यांनी उपाय काढला: दोरा फ्रेमच्या कडेला सोडायचा आणि दोघांमधल्या फटीतून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत फिरवायचं. फट सारखी लागली तर फ्रेम सरळ. पस्तीस वर्षं डोळ्याने केलेलं काम ते नखाने करू लागले आणि कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर कपाट उघडून यंत्र बाहेर आलं असतं.

अशात गॅलरीत एक चित्रकार मुलगी आली. मुलगी म्हणायचं, पण तिशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले, आणि बोलताना समोरच्याकडे टक लावून बघायची सवय. तिच्याजवळ चाळीस फ्रेमा होत्या. सगळ्या एकसारख्या. प्रत्येकीत पांढरा कागद आणि कागदावर मधोमध, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकच काळी आडवी रेघ. बस्स.

भाऊजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. "लोकांनी कुठे उभं राहायचं, ताई?"

"मधोमध," ती म्हणाली. "खोलीच्या मधोमध उभं राहून गोल फिरायचं. या फ्रेमा चारी भिंतींवर ओळीने लावल्या आणि सगळ्या सरळ असल्या, तर सगळ्या रेघा जुळून एकच रेघ होईल. समुद्राच्या कडेसारखी. पण काका, त्या तुम्ही टांगायच्या नाहीत. तुम्ही फक्त खिळे मारायचे. प्रत्येक फ्रेम एक वेगळा माणूस सरळ करणार. नुसत्या डोळ्याने. टेप नाही, लेव्हल नाही, कुणी मागून डावीकडे उजवीकडे सांगायचं नाही. त्याला सरळ वाटली की त्याने 'झालं' म्हणायचं, आणि तुम्ही खालचे कोपरे लुकणाच्या लगद्याने भिंतीला चिकटवून टाकायचे."

"मग रेघ जुळायची नाही."

"नाहीच जुळणार." ती हसली. "आपल्या घरात प्रत्येकाला वाटतं माझंच सरळ. माझ्या आईबाबांचं आयुष्य त्यात गेलं. दोघंही खोटं बोलत नव्हते हो. दोघांनाही तसंच दिसत होतं. एकमेकांशेजारी टांगल्यावरच कळतं कोण किती कललंय. मला कुणाची चूक दाखवायची नाहीये. फक्त शेजारी शेजारी टांगायचंय."

भाऊजींना ही कल्पना पटली. घरी येऊन त्यांनी ती जाऊबाईंना समजावूनही सांगितली. पुढचं वाक्य मात्र त्यांनी गिळलं. ती म्हणाली होती, "आणि चाळीसावी फ्रेम तुमची, काका. तुमचा डोळा तर इथे सगळ्यांना माहीत आहे. ओळंब्याशिवाय हं."

चार दिवस माणसं येत होती. तिने मुद्दामच अशी माणसं बोलावली होती ज्यांचा सरळपणाशी रोज संबंध येतो. शिंपी, न्हावी, बसचा ड्रायव्हर, हॉटेलात ट्रे घेऊन फिरणारा वेटर, गणिताच्या बाई. दातांचे डॉक्टर आले, दोन सेकंदांत "झालं" म्हणाले आणि गेले. सगळ्यांत जास्त त्यांचीच कललेली. सात वर्षांची एक मुलगी आली. तिने वीस मिनिटं लावली. जीभ बाहेर काढून, स्टुलावर चढून-उतरून. तिचं झालं तेव्हा ती घामाघूम होती. भाऊजींनी घरच्यांचीही नावं दिली होती. माझ्या नवऱ्याने फ्रेम सरळ केली, मागे येऊन बघितली, पुन्हा केली, पुन्हा मागे आला.

"अहो, झालं म्हणा," मी म्हटलं.

"मागून बोलायचं नाही," तो म्हणाला. "नियम आहे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बाजूचा नियम आहे."

जाऊबाई पिशवी खांद्याला तशीच ठेवून पुढे गेल्या. फ्रेमला दोन्ही हात लावले, जराशी हलवली, मागेसुद्धा आल्या नाहीत. "झालं," म्हणाल्या. भाऊजींनी लुकण लावलं. नेहमीचंच, ते मनात म्हणाले. घरात खिळा मारताना हे स्टुलावर आणि जाऊबाई खाली उभ्या, असं पस्तीस वर्षं चाललं होतं. "वर? खाली?" विचारलं की जाऊबाई गॅसवर काहीतरी ठेवलेलं असायचं त्या घाईत म्हणायच्या, "जरा डावीकडे वर... झालं." भाऊजींची ठाम समजूत होती की ही कटकट संपवायला झालं म्हणते. मग ते स्वतः उतरून, लांब जाऊन खात्री करून घ्यायचे. बरोबरच असायचं, पण ते त्याचं श्रेय स्वतःच्या हाताला द्यायचे.

आपल्या फ्रेमचा विषय ते रोज टाळत होते. "सगळ्यांचं होऊ दे, मी शेवटी." "आज हात भरलेत, उद्या."

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातला ते काचा पुसायला गेले. गॅलरीत कुणी नव्हतं. ते खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि गोल फिरले. यापुढचं त्यांनीच आम्हाला नंतर सांगितलं, आणि जिथे त्यांनी आखडतं घेतलं तिथे जाऊबाईंनी भर घातली.

चारी भिंतींवर रेघा नाचत होत्या. वर, खाली, मधेच फुगलेल्या, मधेच तुटलेल्या. भाऊजी सांगत होते, "मला कळेचना. यातलं लोकांनी किती वाकडं केलंय आणि माझ्या डोळ्यांनी किती. कुठलं वाकडं खरं आणि कुठलं माझं. डोकं गरगरायला लागलं. म्हटलं, नुसतं बघावं. करायचं काही नाही, फक्त माहीत करून घ्यायचं."

त्यांनी ओळंबा काढला. पहिल्या फ्रेमच्या कडेला दोरा सोडला, नख फिरवलं. वर फट, खाली नाही. म्हणजे ही खरंच वाकडी. त्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका. आपल्याला वाकडी दिसली ती वाकडीच निघाली! आणि मग, ते सांगतात, हात आपोआप गेला. अर्थात त्याआधी हाताने पेन्सिल काढून खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी भिंतीवर बारीक खुणा केल्या. मग लुकण सोडवलं, फ्रेम दोऱ्याला लावली, पुन्हा चिकटवली. दुसरी, तिसरी, दातांच्या डॉक्टरांची, गणिताच्या बाईंची. एकदा सुरू झाल्यावर थांबणं जमलं नाही. पाच महिने ज्याला जगात एक गोष्ट सरळ दिसली नव्हती तो माणूस नखाने एक एक रेघ सरळ करत निघाला.

सतराव्या फ्रेमला त्यांनी दोरा सोडला. नख फिरवलं. वरपासून खालपर्यंत सारखं. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डोळे मिटून केलं. केसाचाही फरक नव्हता. एकोणचाळीस फ्रेमांमध्ये ही एकच अशी होती. त्यांनी खिशातली यादी डोळ्यांच्या कडेशी तिरकी धरून वाचली. सतरा: जाऊबाई.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. थोडा वेळ खाली बसलो," भाऊजी म्हणाले. "मग अठरावी घेतली."

दहाला चित्रकार आली. दारातच थांबली. खोलीच्या चारी बाजूंनी एक सलग काळी रेघ धावत होती. फक्त शेवटी चाळीसाव्या फ्रेमची जागा रिकामी होती.

"काका, या सरळ कशा झाल्या?"

"मी केल्या."

"का?"

भाऊजींनी ओळंबा खिशात टाकला. ती रडली नाही की ओरडली नाही, जमिनीवर बसली. "चार दिवस माणसं आली होती, काका. त्या छोटीने वीस मिनिटं लावली होती. तिची रेघ कुठे गेली आता? ती संध्याकाळी आईला घेऊन येणारे बघायला."

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. ते म्हणाले, "ताई, मला सरळ दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी. पाच महिने झाले. या वाकड्या आहेत की माझे डोळे, तेवढंच बघायचं होतं मला. मग हात थांबला नाही." हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही घरच्या माणसाला नाही. "पण खुणा आहेत. एकही फ्रेम खूण केल्याशिवाय हलवली नाही. सगळं होतं तसं ठेवता येईल."

तिने उठून एका फ्रेमचा खालचा कोपरा बघितला. बारीक, टोकदार पेन्सिलीची रेघ. पुढच्या फ्रेमला, त्याच्या पुढच्याही. मग बाह्या सरसावत ती म्हणाली, "घरून कुणाला बोलावता येईल का? आपल्या दोघांच्याने पाचच्या उद्घाटनापर्यंत होणार नाही."

अर्ध्या तासात जाऊबाई आल्या. डबाही आणला होता. काय झालं ते चित्रकाराने सांगायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "डोळ्यांचं ना? मला माहितीये."

भाऊजी उडालेच. "तुला कुणी सांगितलं?"

"कॅलेंडरने. तुम्ही सरळ केलेली प्रत्येक वस्तू पाच महिने मी मागून सरळ करतेय. आपल्याकडची, तुमच्या भावाकडची, दवाखान्यातलीसुद्धा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग ते खोटं दोघांनी सांभाळत बसायचं. त्यापेक्षा म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल." डबा त्यांनी खिडकीत ठेवला. "चला, खूण कुठेय ते दाखवा."

फ्रेम भाऊजींच्या हातात आणि नजर जाऊबाईंची. "डावीकडे खाली. अजून. अजून अहो, डॉक्टरांची आहे ही, इतक्यात कशी होईल! ...झालं." चित्रकार लुकण लावत होती. अडतीस माणसांच्या अडतीस चुका त्यांनी एकेक करून जागच्या जागी ठेवल्या. सात वर्षांच्या मुलीच्या फ्रेमपाशी जाऊबाई दोनदा वाकल्या, चष्मा पुसून खूण पुन्हा बघितली. सतराव्या फ्रेमला कुणाला हात लावावा लागला नाही. भाऊजी तिच्यापाशी थांबले तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, "हिचं काय?"

"हिचं काही नाही," ते म्हणाले. "ही होती तशीच आहे."

चारच्या सुमाराला मॅनेजर आला. तेव्हा चाळीसावी फ्रेम तेवढी उरली होती. भाऊजींनी खिशातून ओळंबा काढून जाऊबाईंच्या हातात दिला. फ्रेम खिळ्यावर अडकवली, हलवली, मागे आले, पुढे गेले. सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी लावला, त्या छोटीपेक्षाही जास्त. जाऊबाईंनी ओळंबा मुठीत घट्ट धरला होता आणि ओठही घट्ट मिटले होते. पस्तीस वर्षांत त्यांना गप्प राहायला इतकं कठीण कधी गेलं नसेल.

"झालं," भाऊजी म्हणाले.

फ्रेम चांगली दोन बोटं कललेली होती. दातांच्या डॉक्टरांच्या वरताण.

मॅनेजर मोठ्याने हसला. "वा, काका! मुद्दाम केलीत ना? चेष्टा!"

त्याने दार उघडून दिलं होतं. भाऊजींनी नुसतं हसायचं होतं की सगळं निभावून गेलं असतं. उस्तादाने गंमत केली, असं गावभर झालं असतं, आणि यंत्र राहिलं असतं कपाटात.

"नाही," भाऊजी म्हणाले. "मला ही सरळच दिसते."

मॅनेजरचं हसू विरलं. त्याने जाऊबाईंकडे बघितलं, मग फ्रेमकडे. चित्रकार पुढे झाली आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना तिने स्वतः लुकण लावलं, दाबून.

"उद्या नऊ वाजता डोळ्यांचे डॉक्टर," जाऊबाई म्हणाल्या. "नंबर लावलाय."

"उद्याचा नंबर आज कसा मिळाला?"

"आज नाही लावला. दोन महिने झाले. दर आठवड्याला फोन करून पुढे ढकलतेय. तिथली बाई आता मला आवाजावरून ओळखते."

संध्याकाळी आम्ही सगळे गेलो होतो. खोलीच्या मधोमध उभं राहून गोल फिरलो. रेघ कुठे चढत होती, कुठे घसरत होती, आणि माणसं आपली आपली फ्रेम शोधून शेजारच्याशी वाद घालत होती. छोटी आपल्या फ्रेमसमोर आईचा हात धरून उभी होती. चाळीसाव्या फ्रेमसमोर मात्र लोक जरा जास्त वेळ थांबत होते. खाली नाव लिहिलेलं नव्हतं, फक्त "चित्रं टांगणारे" एवढंच.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्यामागे पाणी झिरपतंय, आधी यायला हवं होतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. उजवा बराच सुधारला. डावा पूर्वीसारखा होणार नाही, पण आहे तिथे थांबला तरी मिळवली, असं ते म्हणतात. मॅनेजरने यंत्र कपाटातून काढलं. ते एका महिन्यात परत कपाटात गेलं, कारण खरंच एका चित्रातलं झाड पडतंय असं वाटायला लागलं. आता भाऊजी काम करतात आणि जाऊबाई खाली उभ्या राहून सांगतात. मॅनेजर त्यांनाही घ्यायला तयार झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी हेच फुकट करत होते, ते तुम्हाला ठाऊक नसेल."

प्रदर्शन उतरल्यावर चित्रकाराने चाळीसावी फ्रेम भाऊजींना देऊन टाकली. ती त्यांच्या जेवायच्या टेबलासमोर आहे, होती तशीच कललेली, भाऊजींनी स्वतः खुणा मोजून लावलेली. येणारा प्रत्येक पाहुणा उठून ती सरळ करायला जातो आणि भाऊजी त्याला ओरडतात. मीही एकदा ओरडा खाल्ला.

सकाळी चहाचा कप घेऊन ते आधी तिच्यासमोर उभे राहतात. एक डोळा मिटून बघतात, मग दुसरा. परवा मी त्यांच्याकडेच राहिले होते, तेव्हा ऐकलं. आधी कप टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग एकदम खुशीत:

"अगं! आज चांगलीच वाकडी दिसतेय गं ही!"

"देव पावला," आतून जाऊबाई म्हणाल्या. "आता चहा प्या, निवतोय."